प्रोसेसरमधले तयार प्रीसेट आपल्या गिटारच्या मापात कसे बसवायचे

गिटारच्या आवाजावर इफेक्ट चढवणारं पायाखालचं यंत्र म्हणजे प्रोसेसर, त्यात कारखान्यातून भरून आलेले तयार आवाज म्हणजे प्रीसेट, आणि त्यांचे गट म्हणजे बँका. पहिल्या बँकेतला पहिला प्रीसेट बहुधा सगळ्यांत भपकेबाज असतो. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) काठोकाठ, त्यावर डाव्या-उजव्या कानात उड्या मारणारा डिले (वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारा), आणि मागे गुहेत वाजवल्यासारखा रिव्हर्ब (घुमारा). नुकत्याच खोक्यातून काढलेल्या यंत्राने पहिल्या दहा सेकंदांत आपल्याला गार करावं एवढंच त्याचं काम असतं आणि ते तो चोख करतो. मग तोच प्रीसेट घेऊन बँडबरोबर वाजवायला बसलं की ड्रम आणि बेसच्या गदारोळात आपली गिटार कुठे गेली ते शोधावं लागतं. दोष अर्थातच यंत्रावर जातो.

प्रीसेट म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा. ज्याने तो बनवला त्याची गिटार वेगळी, पिकअप (तारांची थरथर पकडणारे) वेगळे, पिक मारायची ताकद वेगळी. तो ज्या स्पीकरवर ऐकत होता तेही वेगळे, आणि आवाजही बहुतेक तुमच्या खोलीत चालेल त्याहून मोठा. तरी कापड चांगलं असतं. बाह्या जरा आखूड केल्या, खांद्यात थोडी ढील दिली की अंगावर बसतो. माझ्या प्रोसेसरमध्ये दोनशे तयार प्रीसेट आहेत. इतक्या वर्षांत त्यातले पाच वापरात राहिले, आणि त्या पाचांतला एकही आता जसा आला तसा उरलेला नाही.

बॉस, झूम, लाइन सिक्स, न्यूक्स, मूअर, यंत्र कुठलंही असो, मेनूतली नावं बदलतात पण कामाचा क्रम तोच राहतो.

आधी जोडणी, मग प्रीसेट

प्रीसेट वाईट वाटण्याची निम्म्याहून अधिक कारणं प्रीसेटमध्ये नसतातच. म्हणून एकही नॉब फिरवण्याआधी जोडणी तपासायची.

अ‍ॅडॅप्टर यंत्राबरोबर आलेलाच वापरा. बऱ्याच छोट्या प्रोसेसरना ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला अ‍ॅडॅप्टर लागतो, पण सगळ्यांना तोच चालत नाही. दुसरा लावायची वेळ आली तर तीन गोष्टी जुळवा. व्होल्ट तेवढेच, पिनची दिशा तीच, आणि मिलिअँपिअर यंत्रावर लिहिलेत तेवढे किंवा त्याहून जास्त. मिलिअँपिअर कमी पडले की यंत्र चालू तर होतं, पण मध्येच स्वतःहून रीस्टार्ट होतं किंवा घरघरतं.

गिटारची केबल थेट प्रोसेसरच्या इनपुटमध्ये घाला. त्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १ मेगाओह्म असतो. साध्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, पिकअपला तो मानवतो. मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये गिटार लावली की वरचे सूर झाकल्यासारखे होतात, आणि नंतर कितीही ट्रेबल दिला तरी ती चमक परत येत नाही. बाहेर एकच केबल नेणार असाल तर ती डाव्या, म्हणजे मोनो लिहिलेल्या आउटपुटमध्येच हवी. नुसती उजवीकडे लावली तर स्टीरिओ डिलेची अर्धी उत्तरं गायब होतात आणि प्रीसेट लंगडा वाटतो.

आता जिथे सगळे अडकतात ती जागा. सिस्टीम किंवा ग्लोबल मेनूत आउटपुटची निवड असते. तुम्ही आवाज कशातून ऐकणार आहात हे तिथे यंत्राला सांगायचं असतं. बहुतेकजण ते कधी उघडूनही बघत नाहीत.

यामागचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. गिटार अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर साधारण ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर सोडत नाही. डिस्टॉर्शनमध्ये मात्र त्याच्या वरचा कचरा भरपूर तयार होतो. खऱ्या अ‍ॅम्पचा स्पीकर तो कचरा आपोआप गाळतो. हेडफोन किंवा मोठे पीए स्पीकर (कार्यक्रमात लोकांसाठी लावलेले) तो इमाने इतबारे ऐकवतात, आणि पत्र्याच्या डब्यात भुंगे कोंडल्यासारखा आवाज येतो. म्हणून प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (थोडक्यात कॅब) किंवा आयआर (खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा नोंदवलेला नमुना) असतो. तो त्या स्पीकरची आणि त्याच्यापुढे धरलेल्या माइकची नक्कल करतो. हेडफोन, मिक्सर, पीए, ऑडिओ इंटरफेस, यांपैकी काहीही असेल तर कॅब चालू हवा.

गिटार अ‍ॅम्पमध्ये जात असाल तर नेमकं उलट. तिथे खरा स्पीकर आहेच. त्यावर नकली स्पीकर चढवला की आवाज रजईखालून आल्यासारखा होतो. अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये लावताना कॅब बंद करा. शक्यतो प्रोसेसरमधलं अ‍ॅम्प मॉडेलही बंद करा किंवा अगदी सौम्य ठेवा, कारण खऱ्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प (आवाजाला आकार देणारा पहिला टप्पा) आपलं काम करणारच. अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट लूपचा रिटर्न (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या सोयीतलं परतीचं इनपुट) असेल आणि तिथे जोडलंत, तर तुमच्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प वगळला जातो. मग प्रोसेसरमधलं अ‍ॅम्प मॉडेल चालू, कॅब बंद. गिटार अ‍ॅम्प वापरणाऱ्यांसाठी मला ही जोडणी सगळ्यांत समाधानकारक वाटते. तयार प्रीसेट यातच बनवणाऱ्याच्या कल्पनेच्या जवळपास जातात.

काही यंत्रांत कॅब एकाच ठिकाणी बंद करता येतो. काहींत तो प्रत्येक प्रीसेटमधला वेगळा ब्लॉक (एकेका इफेक्टचा कप्पा) असतो आणि एकेका प्रीसेटमध्ये जाऊन बंद करावा लागतो. हे आधीच पाहून ठेवा. नाहीतर दोन प्रीसेट ठणठणीत आणि तिसरा मुका असा गोंधळ होतो.

गिटारकडून किती जातंय

ट्यूनर लावा. बहुतेक यंत्रांत एखादा फूटस्विच दाबून धरला की तो उघडतो. ए हा संदर्भाचा सूर ४४० हर्ट्झवर आहे ना तेही पाहा, कारण कुणीतरी खेळताना ते ४३८ करून ठेवलेलं असतं. सूर उतरलेल्या गिटारवर चांगला प्रीसेटही भिकार लागतो, हे सांगायला लागू नये. पण लागतं.

मग गिटारचा व्हॉल्यूम आणि टोन नॉब पूर्ण उघडा. एखादा साधा क्लीन प्रीसेट निवडा आणि ब्रिज पिकअपवर सहाही तारा जोरात छेडा. तडतड आली, क्लीन म्हणवणारा आवाज कडांना फाटला, तर इनपुट लेव्हल खाली आणा किंवा पॅड (सिग्नल कमी करणारी सोय) असेल तर तो लावा. हे हमबकर (दोन वेटोळ्यांच्या) पिकअपवर जास्त होतं, कारण त्यांचा सिग्नल बहुतेक सिंगल कॉइलपेक्षा (एका वेटोळ्याच्या पिकअपपेक्षा) दणकट असतो. याच्या उलट, सिंगल कॉइलवाल्याला एखादा रॉक प्रीसेट पातळ वाटला तर तो बहुधा हमबकरवर बनवलेला असतो. तिथे इनपुट किंवा ड्राइव्ह (डिस्टॉर्शनचं प्रमाण, यालाच गेनही म्हणतात) थोडा वाढवला की काम होतं. हमबकरवाल्याने त्याच प्रीसेटवर गेन कमी करायचा. एका घरात दोन गिटारी असतील तर एकाच प्रीसेटच्या दोन प्रती ठेवायला लाजू नका.

किती मोठ्याने ऐकायचं

१९३३ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असताना कानाला खर्जातले आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज मोठा झाला की ते भरून येतात. गिटारवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात बसून बनवलेल्या टोनमध्ये आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवत जातो. तोच टोन स्टेजवर गेला की बेस घुमतो आणि ट्रेबल कानात दाभण घालतो.

जमेल तर ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात प्रीसेट तपासा. ते शक्य नसेल तर निदान बेस आणि ट्रेबलच्या बाबतीत कंजूषपणा करा. घरी थोडा कोरडा वाटणारा टोन बाहेर बहुधा बरोबर निघतो.

निवड: दोनशेतून चार

एकामागून एक प्रीसेट बदलत, प्रत्येकावर वेगळं काहीतरी वाजवत बसणं ही संध्याकाळ घालवण्याची छान रीत आहे, पण निवड तशी होत नाही. विसाव्या प्रीसेटनंतर कान थकतात आणि जो सगळ्यांत मोठा वाजतो तोच चांगला वाटायला लागतो.

प्रत्येक प्रीसेटवर तेच वाजवा. माझे ठरलेले तीन तुकडे आहेत. जी मेजरचा उघडा कॉर्ड एकदा हळू आणि एकदा जोरात. खालच्या दोन तारांवर तळवा टेकवून आठ ठोके. आणि वरच्या बी तारेवर बाराव्या घराच्या आसपास एक लांब बेंड. पहिल्यात तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का ते कळतं, दुसऱ्यात खालचा भाग घट्ट आहे की पसरट ते कळतं, आणि तिसऱ्यात लीड गाईल की किंचाळेल. नंतर गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून पुन्हा कॉर्ड वाजवा. आवाज लहान होताना स्वच्छही होत असेल तर प्रीसेटमध्ये जीव आहे. तसाच चिकट राहिला तर गेन प्रमाणाबाहेर आहे.

प्रोसेसरमध्ये लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून परत परत ऐकवणारी सोय) असेल, तो इफेक्टच्या साखळीच्या सुरुवातीला ठेवता येत असेल आणि प्रीसेट बदलल्यावरही चालू राहत असेल, तर हे तीन तुकडे एकदाच रेकॉर्ड करा. मग हात मोकळे ठेवून प्रीसेट बदलत ऐका. लूपर साखळीच्या शेवटी असला तर याचा उपयोग नाही, कारण तो जुन्या प्रीसेटचाच आवाज परत ऐकवत राहतो.

आवडलेल्या प्रत्येक प्रीसेटचा डिले आणि रिव्हर्ब बंद करून पुन्हा ऐका. मेकअप उतरवल्यावर चेहरा कसा आहे ते बघायचं. मुळातला अ‍ॅम्पचा आवाज आवडला नाही तर तो प्रीसेट सोडा, त्याच्यावर कितीही मेहनत घेतलीत तरी फुकट जाईल. उलट, मूळ आवाज चांगला आणि वरचे इफेक्ट भयानक, असे प्रीसेट म्हणजे लॉटरी.

नावांवर जाऊ नका, पण नावं वाचायला शिका. कंपन्या दुसऱ्यांच्या अ‍ॅम्पचं नाव सहसा सरळ लिहीत नाहीत, आडून सुचवतात. ट्वीड म्हटलं की १९५०च्या दशकातले, त्या कापडाने मढवलेले फेंडर अ‍ॅम्प. थोडं जोरात मारलं की गोड फाटणारे. ब्लॅकफेस म्हणजे १९६०च्या दशकातले काळ्या पॅनलचे फेंडर, स्वच्छ आणि चकचकीत. ब्रिट किंवा तत्सम काही दिसलं की बहुधा मार्शलच्या घराण्यातलं, मिडमध्ये (मधल्या सुरांत) भरलेलं. नावात ३० आणि क्लास ए एकत्र दिसलं तर वॉक्सचा एसी३० डोक्यात ठेवून बनवलेलं, घंटेसारखं खणखणणारं. टीएस किंवा हिरवा स्क्रीमर म्हणजे आयबनीझच्या ट्यूब स्क्रीमरची नक्कल, जो बेस थोडा कापतो आणि मिड वर काढतो. हे एवढं कळलं तरी दोनशेची यादी तीसवर येते.

शेवटी चार ठेवा. एक क्लीन, एक क्रंच (किंचित फाटलेला), एक भरदार रिदम आणि एक लीड. पाचवा हवाच असेल तर एखादा हवेत तरंगणारा, कोरस (एक गिटार अनेक वाटावी असा इफेक्ट) आणि लांब डिलेवाला. त्यांचे क्रमांक कागदावर लिहा.

एक प्रीसेट उघडून

समजा निवडलेला रिदमचा प्रीसेट जड डिस्टॉर्शनचा आहे. घरी भारी वाटतो, बँडमध्ये चिखल होतो. मी तो असा दुरुस्त करतो.

सगळ्यांत आधी प्रत. काही यंत्रांत कारखान्यातले प्रीसेट वेगळे आणि तुमचे वेगळे असतात. बॉसच्या जीटी मालिकेत क्रमांकापुढे पी असेल तर तो कारखान्याचा आणि यू असेल तर तुमचा. पीवर लिहिता येत नाही, म्हणून मूळ सुरक्षित राहतं. पुष्कळ यंत्रांत मात्र असा पडदा नाही. तिथे सेव्ह केलं की मूळ पुसलं जातं आणि ते परत हवं असेल तर फॅक्टरी रीसेट करावा लागतो. तो बाकी सगळंही पुसू शकतो. म्हणून मागच्या बाजूच्या बँकेत एक रिकामी जागा धरा आणि तिथे प्रत करून कामाला लागा.

दुसरं, अ‍ॅम्प आणि कॅब सोडून सगळे ब्लॉक बंद करा. या उघड्या आवाजावरच पुढचे दोन-तीन निर्णय घ्यायचे आहेत.

गेन. तो हळूहळू खाली आणत जा आणि चार तारांचा एखादा कॉर्ड वाजवत राहा. ज्या क्षणी चारही तारा वेगळ्या ओळखू यायला लागतील तिथे थांबा. घरी एकट्याने ऐकताना हे कमी वाटेल. वाटू दे. गेन जितका जास्त तितका सिग्नल दाबला जातो, पिकचा पहिला ठोका बोथट होतो, आणि बँडमध्ये गिटारला जागा करून देणारा तोच ठोका असतो. एकाच तालात दोन गिटारी वाजत असतील तर प्रत्येकाने आणखी थोडा कमी करायचा, कारण दोन गिटारींचं डिस्टॉर्शन एकत्र होऊन दाटपणा आपोआप येतो.

मग ईक्यू, म्हणजे बेस, मिड आणि ट्रेबलचं प्रमाण. पुष्कळ तयार प्रीसेटमध्ये बेस वर, ट्रेबल वर आणि मध्ये खड्डा असा आकार असतो. एकट्याने ऐकताना तो मोठा, महागडा वाटतो. पण गिटारची खालची ई तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि बेस गिटारची ई ४१ हर्ट्झला. ८०च्या खाली तुम्ही जे काही पाठवाल ते बेस आणि किक ड्रमच्या अंगणात जाऊन पडेल. लो कट (ठरवलेल्या आकड्याखालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झवर लावा. जड रिदमला मी १०० च्याही थोडा वर जातो. हाय कट (वरचं कापणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी. आणि मिड वाढवा. हे करताना एकट्या गिटारचा आवाज नाकातून बोलल्यासारखा होईल आणि हात मागे घ्यावासा वाटेल. तिथेच एखादं गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवून बघा, मग ठरवा. ईक्यूचे निर्णय शांत खोलीत एकट्या गिटारवर घ्यायचेच नाहीत, हा माझा एकमेव कडक नियम आहे.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) आता चालू करा. तारा हाताने बंद ठेवा आणि घरघर थांबेपर्यंत थ्रेशोल्ड (ती पातळी) वाढवा. लगेच एक सूर धरून तो पूर्ण विझेपर्यंत ऐका. शेपूट मध्येच तुटली तर थोडं मागे या. गेन कमी केलेला असल्यामुळे गेटलाही आता कमी काम असतं.

डिलेची वेळ अंदाजाने फिरवू नका. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटातल्या ठोक्यांनी) भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला ५०० मिलिसेकंद. अर्ध्या ठोक्याला २५०, आणि ती धावती, मधल्या जागा भरणारी उत्तरं हवी असतील तर पाऊण ठोका, म्हणजे ३७५. गाण्याची लय वाजवताना हलत असेल तर टॅप टेम्पो वापरा, पायाने चार ठोके दिले की यंत्र स्वतः हिशोब करतं. तयार प्रीसेटमधल्या डिलेचा मिक्स मी जवळजवळ नेहमी निम्म्यावर आणतो आणि फीडबॅक दोन-तीन उत्तरांपुरता ठेवतो.

रिव्हर्बबद्दल थोडक्यात: कमी करा. ज्या हॉलमध्ये वाजवाल त्याचा स्वतःचा रिव्हर्ब असतोच.

ब्लॉकचा क्रम बनवणाऱ्याने सहसा बरोबर लावलेला असतो. वाह (पेडलने आवाज उघड-मीट करणारा) आणि कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) आधी, मग ओव्हरड्राइव्ह, अ‍ॅम्प, कॅब, आणि त्यानंतर कोरस, डिले, रिव्हर्ब. डिले डिस्टॉर्शनच्या आधी गेला तर त्याची उत्तरंही फाटतात आणि एकमेकांत मिसळतात. काही प्रीसेटमध्ये हे मुद्दाम केलेलं असतं. आवडलं तर ठेवा, पण क्रम उलटा आहे म्हणून यंत्र बिघडलंय असं समजू नका.

नाव द्या आणि सेव्ह करा. नाव गाण्याचं किंवा कामाचं असू द्या, पडद्यावर अंधारात वाचता आलं पाहिजे. बदल केलेला पण सेव्ह न केलेला प्रीसेट दाखवायला बहुतेक यंत्रं पडद्यावर छोटी खूण करतात, एखादा ठिपका, तारा किंवा ई. ती खूण असताना चुकून दुसऱ्या प्रीसेटवर पाय पडला की सगळं काम गेलं. माझा दीड तास असाच एका मांजरामुळे गेला आहे. तेव्हापासून दर दोन-तीन बदलांनंतर सेव्ह दाबायची सवय लागली.

सगळ्यांचा आवाज एका पातळीत

प्रीसेट एकेकटे चांगले असूनही एकत्र नांदत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा लेव्हल. कारखान्यातल्या प्रीसेटची पातळी एकसारखी नसते. एकावरून दुसऱ्यावर उडी मारली की आवाज एकदम खाली बसतो किंवा मिक्सरवाल्याचा हात दचकतो.

सुरुवात क्लीनपासून करा. क्लीन आवाजात ठोके उंच आणि शेपटी लहान असते. डिस्टॉर्शन मुळातच दाबलेलं, सपाट असतं. त्यामुळे मीटरवर दोन्ही सारखे दिसले तरी कानाला डिस्टॉर्शन मोठं लागतं. क्लीन प्रीसेट जोरात छेडल्यावरही तडतड न येता जितका वर नेता येईल तितका न्या, त्याच्याहून जरासं खाली या, आणि ती पातळी पक्की धरा. बाकीचे तीन प्रीसेट तिच्याशी जुळतील असे खाली आणा. वर न्यायच्या नादात क्लीन फाटायला लागतो, म्हणून ही दिशा. जुळवताना मीटर बाजूला ठेवा, एखादं गाणं लावा आणि एकाच कॉर्डवर पायाने प्रीसेट बदलत कानाने ठरवा.

लेव्हल कुठल्या नॉबने बदलायची यात चूक होते. ड्राइव्ह किंवा गेन फिरवला की आवाजाचा पोत बदलतो, उंची थोडीच बदलते. पॅच लेव्हल किंवा अ‍ॅम्प ब्लॉकचा शेवटचा व्हॉल्यूम वापरा. लीडला रिदमपेक्षा ३ डीबीच्या आसपास चढ पुरतो, सोबत मिड किंचित वर. गेन वाढवून लीड पुढे येत नाही. नुसती दाट होते आणि गर्दीत आणखी बुडते. एका कार्यक्रमात मी लीडसाठी पूर्ण गेनचा, लांब रिव्हर्बचा प्रीसेट ठेवला होता. सोलो सुरू झाला आणि समोर बसलेल्या मित्राला वाटलं केबल निघाली. तो स्टेजवर चढून जॅक तपासायला लागला.

पायाखालची मांडणी

चारही प्रीसेट एकाच बँकेत, शेजारी शेजारी ठेवा. क्लीन, क्रंच, रिदम, लीड, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक बँकेत हाच क्रम. पाय क्रम लक्षात ठेवतो, नाव वाचत नाही. गाण्यागणिक वेगळी बँक केलीत तरी जागा बदलू नका. पुष्कळ यंत्रांत बँक बदलली तरी आवाज लगेच बदलत नाही, आतला क्रमांक दाबेपर्यंत जुनाच प्रीसेट वाजत राहतो. हे सोयीचं आहे, पुढची बँक आधीच तयार ठेवता येते. पण माहीत नसेल तर स्टेजवर घाम फुटतो.

प्रीसेट बदलताना काही यंत्रांत क्षणभर आवाज तुटतो आणि आधीच्या डिलेची शेपूट कापली जाते. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये हे चालतं. एकाच ओळीच्या मधोमध क्लीनवरून डिस्टॉर्शनवर जायचं असेल तर चालत नाही. तिथे प्रीसेट बदलण्याऐवजी एकाच प्रीसेटमधले ब्लॉक चालू-बंद करा. फूटस्विच त्या मोडमध्ये टाकता येतात. लाइन सिक्सच्या हीलिक्समध्ये एका प्रीसेटमध्ये आठ स्नॅपशॉट ठेवता येतात, क्वाड कॉर्टेक्स आणि फ्रॅक्टलच्या यंत्रांत त्याच कामाला सीन म्हणतात. एका दाबात कुठले ब्लॉक चालू, कुठल्याची लेव्हल किती, हे सगळं बदलतं, आणि डिलेची शेपूट सहसा तुटत नाही.

एक्स्प्रेशन पेडल असेल तर ते आधी कॅलिब्रेट करून घ्या. मेनूत सांगितल्याप्रमाणे टाच पूर्ण खाली, मग बोटं पूर्ण खाली. आणि प्रत्येक निवडलेल्या प्रीसेटमध्ये ते कशाला जोडलंय ते पाहा, कारण एकात ते व्हॉल्यूम असतं, दुसऱ्यात वाह, तिसऱ्यात आणखी काही. एखादा प्रीसेट अगदीच गप्प असेल तर केबल, अ‍ॅडॅप्टर आणि नशीब यांना बोल लावण्याआधी पेडल पुढे ढकलून बघा. बहुतेक वेळा व्हॉल्यूम टाचेवर शून्यात पडलेला असतो. आवाज बारीक, नाकातला येत असेल तर वाह चालू राहिलेला असतो.

जे बूट घालून वाजवणार तेच घालून एकदा तालीम करा. अनवाणी पायाने अचूक लागणारा स्विच जाड तळव्याच्या बुटाने शेजारच्यासकट दाबला जातो.

दुसऱ्यांचे प्रीसेट आणि बॅकअप

इंटरनेटवरून उतरवलेले प्रीसेट म्हणजे आणखी दोनशे सदरे. फाइल तुमच्याच मॉडेलची आणि तुमच्या फर्मवेअरला (यंत्रातल्या सॉफ्टवेअरला) चालणारी आहे ना ते पाहा. बनवणाऱ्याने स्वतःचा आयआर वापरला असेल आणि तो तुमच्याकडे नसेल, तर कॅबची जागा रिकामी राहते आणि पुन्हा तेच डब्यातले भुंगे. तिथे यंत्रातला एखादा कॅब निवडला की आवाज माणसात येतो. बाकी इनपुट, गेन, ईक्यू, लेव्हल, सगळं वर सांगितलं त्याच क्रमाने.

फर्मवेअर अपडेट करण्याआधी बॅकअप घ्याच. यूएसबी केबल लावा आणि कंपनीचा एडिटर उघडा. बॉससाठी टोन स्टुडिओ, झूमसाठी गिटार लॅब, हीलिक्ससाठी एचएक्स एडिट. सगळ्या प्रीसेटची फाइल तारखेसह जपून ठेवा. संगणक हाताशी नसेल तर मुख्य चार प्रीसेटच्या प्रत्येक पानाचे फोनवर फोटो काढा. नॉबचे आकडे दिसले की अर्ध्या तासात सगळं पुन्हा उभं राहतं.

शेवटची तपासणी तालमीत. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ड्रमपासून लांब ठेवून एक पूर्ण गाणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐका. गिटार ऐकूच येत नसेल तर मिड दोन डीबी वर. ऐकू येते पण कुठले सूर वाजतायत ते कळत नसेल तर गेन आणि रिव्हर्ब खाली. सगळंच घुमत असेल तर लो कट थोडा वर सरकवा. एवढं करूनही घुमत राहिलं, तर मग बेसवाल्याकडे वळा. त्याच्याही प्रोसेसरमध्ये पहिल्या बँकेतला पहिला प्रीसेट लावलेला असेल.